दोन साडू, एक शिडाची बोट आणि वाढलेलं ऑइल

पत्र:

नमस्कार काका,
आम्ही दोघं साडू, दोघंही कोल्हापूरचे. एकाचं फाउंड्री पॅटर्नचं (ओतकामाचे साचे ज्यावरून काढतात ते नमुने) छोटं वर्कशॉप आहे, दुसरा बँकेतून रिटायर झालाय. गेल्या वर्षी दोघांत मिळून एक जुनी 26 फुटी शिडाची बोट घेतली, ती देवगडला खाडीत उभी असते. शिडं, दोर, मास्ट सगळं ठीक आहे पण आतलं इंजिन (यान्मार 1जीएम10, एक सिलेंडर, डिझेल) त्रास द्यायलंय. सेल्फ मारून मारून जीव जातो तेव्हा स्टार्ट होतं. न्यूट्रलला बरं चालतं पण गिअर टाकला की काळा धूर, आणि 2200 आरपीएमच्या वर जातच नाही. मागून पाणी पूर्वीपेक्षा कमी पडतं आणि वीस मिनिटांत टेंपरेचरचा अलार्म वाजतो. एका मेकॅनिकनं न खोलताच सांगितलं, फुल ओव्हरहॉल. बँकवाला म्हणतो करून टाकू, पॅटर्नवाला म्हणतो हे भंगारात घालू आणि शेतीपंपाचं इंजिन बसवू. बजेट 60 हजार आहे, त्याच्यावर एक रुपया मिळणार नाही, कारण आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत आणि ह्या विषयावर त्यांचं एकमत आहे.
ता.क. ऑइल मात्र अजिबात पीत नाही. उलट डिपस्टिकवर थोडं वाढलेलंच दिसतं, तेवढी एक चांगली गोष्ट.
– दोन साडू, कोल्हापूर

उत्तर:

मी पत्र वाचताना ता.क. आधी वाचतो, कारण माणूस मुद्द्याचं बोलणं बऱ्याचदा तिथंच टाकतो. तुमची ती "एक चांगली गोष्ट" आहे ना, ती ह्या पत्रातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. ऑइल आपोआप वाढत नसतं राव. वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी येऊन पडायलंय, आणि ते एकतर पाणी नाहीतर डिझेल. पाणी असतं तर ऑइल दुधी झालं असतं, चहावर साय धरल्यासारखं, आणि ते तुमच्या नजरेतून सुटलं नसतं. म्हणजे डिझेल. खात्री करायची तर डिपस्टिक काढून बोटावर घासा, वास घ्या, आणि एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकून अर्धा तास ठेवा, मधे काळा डाग आणि बाहेर फिकट तेलकट कडं लांबवर पसरलं तर समजा डिझेल आहे. आणि हे कळेपर्यंत इंजिन चालू करू नका. खरंच करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला धरत नाही हे एक, आणि लेव्हल फार चढली तर ते मिश्रण ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी वाट) हवेच्या वाटेनं सिलेंडरमध्ये ओढलं जातं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटतं. त्या वेळी स्टॉपची दोरी ओढून काही होत नाही, कारण स्टॉप पंपाचं डिझेल तोडतो आणि इंजिन ते डिझेल पीतच नसतं. हवेचं तोंड बंद करणं एवढाच उपाय, तोही लाकडी फळीनं, हातानं नाही.

आता डिझेल तिथं जातं कुठून. इंजिनच्या अंगाला एक छोटा डिझेल पंप असतो, टाकीतलं डिझेल ओढून पुढं मोठ्या पंपाला (इंजेक्शन पंपाला) देणारा, आपल्याकडं त्याला फीड पंप म्हणतात. त्याच्या पोटात रबराचा पडदा, डायफ्रॅम, आणि कॅमशाफ्टवरून हलणारी एक दांडी. पडद्याच्या एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला इंजिनचं पोट. वीस-तीस वर्षांत पडदा कडक होतो, चिरतो, मग दर ठोक्याला थोडं डिझेल पुढं जायच्या ऐवजी खाली ऑइलमध्ये. म्हणून ऑइल वाढतं, आणि म्हणूनच तुम्हाला सेल्फ मारत बसावं लागतं, कारण मोठ्या पंपापर्यंत डिझेलच धड पोचत नाही, त्यात चिरेतून हवा पण घुसते. एका पडद्यानं तुमच्या दोन तक्रारी झाल्या बघा. (मोठ्या पंपाच्या प्लंजरमधून, म्हणजे आतल्या दट्ट्यामधून पण डिझेल खाली उतरू शकतं, पण ते क्वचित, आणि आधी स्वस्त ते बघायचं.)

हे बघायला मेकॅनिक नको, पाच लिटरचा एक स्वच्छ कॅन पाहिजे. जुनं ऑइल काढून नवं भरा, इंजिन ऑइल 15डब्ल्यू40 चालतं, ह्या इंजिनात ते सव्वा लिटरच्या आसपासच लागतं त्यामुळं रडू नका. मग टाकी, फीड पंप, सगळं बाजूला ठेवून कॅन इंजिनच्या वर दोन-तीन फुटांवर टांगा, त्यात ताजं डिझेल, आणि नळी सरळ डिझेलच्या बारीक फिल्टरला लावा. फीड पंपाच्या दोन्ही नळ्या सोडून त्यांची तोंडं बंद. आता हवा काढायची. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की आवळा, मग मोठ्या पंपावरचा, मग शेवटी नोजलला (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतं ते) येणाऱ्या जाड पाइपचा नट अर्धा आटा सोडून, डिकॉम्प्रेशन (सिलेंडरचा दाब सोडणारी दांडी) उचलून सेल्फ द्या, तिथं डिझेलची पिचकारी दिसली की आवळा. डिकॉम्प्रेशन सोडा आणि स्टार्ट करा. दोन-चार फेऱ्यांत लागलं, तर बँकवाले साडू, तुमच्या ओव्हरहॉलचे पैसे तिथंच वाचले. दहा मिनिटं चालवा, बंद करा, थंड झालं की डिपस्टिक बघा. लेव्हल तिथंच राहिली तर पडदा दोषी. पडद्याचा किट मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर 12 व्होल्टचा कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक फीड पंप बसवा आणि जुन्या पंपाच्या जागी पत्र्याची जाड प्लेट आणि पॅकिंग लावून भोक बंद करा. प्लेट पॅटर्नवाले अर्ध्या तासात करतील.

ह्यात एक गोष्ट जीव तोडून सांगतो, कारण ती माझ्या हातून झालेली आहे. सेल्फ मारताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवायचा, आणि इंजिन धरलं त्याच क्षणी उघडायचा. मी तेव्हा कोल्हापूरचं उद्यमनगर सोडून रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात कामाला होतो, नवीनच, ऑइल इंजिनातला स्वतःला उस्ताद समजणारा, एक छोटी बोट स्टार्ट होईना म्हणून कॉक उघडा ठेवून पंधरा मिनिटं सेल्फ मारत बसलो. फिरताना पाण्याचा पंप पाणी ओततच असतो, पण इंजिन धरत नाही म्हटल्यावर ते पाणी मागं फेकायला धूर नसतो, मग सायलेन्सर भरतो, नळी भरते, आणि शेवटी पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलेंडरमध्ये. पुढचा सेल्फ दिला आणि ठप्प. पाणी दबत नसतं. कनेक्टिंग रॉड वाकला, मालकानं शिव्या दिल्या त्या बरोबरच होत्या. तुम्ही लिहिलंय "सेल्फ मारून मारून जीव जातो", ते वाचून मला तोच दिवस आठवला.

आता काळा धूर. काळा धूर म्हणजे डिझेल आत गेलं पण ते जाळायला हवा पुरली नाही, किंवा इंजिनवर ओझं झेपेना. न्यूट्रलला बरं आणि गिअरला काळं, म्हणजे आधी इंजिनकडं न बघता पाण्याखाली बघा. बोट वर्षभर खाडीत उभी आहे म्हणता, मग पंख्यावर (प्रोपेलरवर) कालवं-शिंपल्यांचा थर नसला तरच नवल. त्यानं पंखा पाणी कापायचं सोडून नुसतं घुसळतो आणि 9 हॉर्सपॉवरच्या बिचाऱ्याची दमछाक होते. ओहोटीला बोट उघडी पडत असेल तर स्वतः पत्र्याची पट्टी घेऊन खरवडा, नाहीतर बंदरातल्या एखाद्या पोराला बुडी मारायला सांगा, पण आधी इंजिन बंद आणि किल्ली तुमच्या खिशात. कितीतरी वेळा एवढ्यावरच पाच-सहाशे आरपीएम परत येतात आणि मग माणसाला ओशाळल्यासारखं होतं.

पण तुमच्या केसमध्ये पाणी पण कमी पडतंय आणि अलार्म पण वाजतोय, त्यामुळं माझा खरा संशय एल्बोवर आहे. मिक्सिंग एल्बो. ही काय भानगड आहे ते पॅटर्नवाल्यांना लगेच कळेल कारण शेवटी तो एक कास्टिंगचा तुकडाच आहे. इंजिनमधून येणारा गरम धूर आणि इंजिन गार करून आलेलं खारं पाणी ज्या जागी एकत्र येतात ती जागा. गरम काजळी आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की काय होणार, दगड तयार होतो. अक्षरशः दगड. मी असे एल्बो बघितलेत की ज्याच्यातून मनगट जायला पाहिजे तिथं करंगळी जाईना. मग धूर बाहेर पडेना, धूर बाहेर पडला नाही की नवी हवा आत येईना, हवा नाही की काळा धूर, काळा धूर म्हणजे अजून काजळी, आणि पाण्याची वाट पण त्याच दगडानं बुजलेली म्हणून पाणी कमी आणि अलार्म. ह्या यान्मारांचं हे जुनं दुखणं आहे, इंजिन चांगलं पण एल्बो खातं.

खात्री करायची तर एल्बो सोडा. पाण्याची नळी जी एल्बोला येते ती बादलीत सोडा, आणि एल्बोशिवाय इंजिन वीस-तीस सेकंद, जास्त नाही, चालवून बघा. आवाज असा होईल की अख्खं बंदर गोळा होईल, केबिनमध्ये धूर पण भरेल म्हणून सगळी झाकणं उघडी ठेवा आणि समोर कुणी उभं राहू नका. आरपीएम झटकन चढला, धूर साफ झाला, तर चोर सापडला. त्याच बादलीत बघा पाण्याची धार कशी आहे. धार दमदार असेल तर पंप ठीक, बुजलंय ते पुढं. धार मरतुकडी असेल तर मग पंपाचा इंपेलर, तो रबरी फुलासारखा असतो, त्याची पाकळी तुटलेली असणार. आणि पाकळी तुटली तर नवा इंपेलर टाकून खूश होऊ नका, तुटलेला तुकडा गेला कुठं ते शोधा, तो पुढं कुठल्या तरी वळणात नाहीतर थर्मोस्टॅटच्या (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) घरात बसलेला असतो आणि महिन्याभरानं परत तीच रडकथा.

एल्बो काढून कोल्हापूरला आणा. तिथं तो साफ करायचं काम म्हणजे तुमच्या हातचा मळ. भट्टीत लाल करून काजळी जाळून टाका, मग छिन्नीनं टोचून मिठाचा थर काढा, हे सगळं जमेल. पण साफ झाल्यावर नवीन झाला असं समजून लगेच लावू नका! पाणी आणि धूर ह्यांच्यामधली आतली भिंत किती उरली आहे ते बघा. काजळीनंच भोक बुजवलेलं असतं आणि काजळी काढली की भोक उघडं पडतं, मग समुद्राचं पाणी आतून मागं सिलेंडरकडं. म्हणून पाण्याच्या बाजूची तोंडं बंद करून त्यात पाणी भरा, रात्रभर ठेवा, सकाळी धुराच्या बाजूला ओल दिसली तर तो एल्बो भंगारात. मग नवा बनवून घ्या, खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या 316 नंबरच्या स्टेनलेसच्या जाड पाइपातून, फ्लँज जुन्याची कॉपी. 304 पण चालेल म्हणणारा वेल्डर भेटेल, त्याला नमस्कार करून पुढं जा. आणि कॉपी करताना भोकं जुळली म्हणजे झालं असं नाही, पाणी धुरात ज्या जागी मिसळतं ती जागा उतरणीवरच आली पाहिजे, म्हणजे पाणी खाली सायलेन्सरकडंच पळेल. जुन्या एल्बोचा कोन जसाच्या तसा उचला. सुंदर दिसायला वळण बदलू नका.

इथं मला जे म्हणायचंय ते येतं. तुमचं इंजिन दुरुस्त करायला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव नाही, आणि त्याच इंजिनला कोल्हापुरातच धोका पण आहे. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात तुम्हाला बोरिंग, होनिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह बसवणं, नोजल टेस्टिंग, सगळं गावात नाहीतर गावाजवळच मिळेल. पंपाची आणि गुऱ्हाळाची इंजिनं खोलून वाढलेली माणसं आहेत ती, एक सिलेंडरचं डिझेल त्यांच्यासाठी घरचं लेकरू. 2019 च्या महापुरात बुडालेली इंजिनं, मोटरी त्यांनी रांगेनं उभी करून चालू केली. पण पंचगंगेचं पाणी गोडं. ते उपसलं, वाळवलं, ऑइल बदललं की संपलं. खारं पाणी उपसलं तरी मीठ मागं राहतं, आणि ते हवेतली ओल ओढून घेत आतून खात बसतं. कोल्हापूरच्या मेस्त्रीला डिझेल कळतं, मीठ कळत नाही. त्याची चूक नाही, त्याच्या आयुष्यात मीठ फक्त रश्श्यात येतं.

म्हणजे काय तर, पाण्याच्या लाइनचं एखादं कनेक्टर तुटलं की तो लेथवर पितळेचं मस्त करून देईल, चकाचक. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागं लालसर भुसभुशीत तांबं उरतं, एक दिवस हातानं मोडतं. पाण्याखालच्या कॉकपाशी ते मोडलं तर बोट तळाला. गनमेटल (तांबं आणि कथील मिसळलेला धातू) सांगा, तो शब्द त्याला माहिती आहे. थर्मोस्टॅट खराब निघाला की तो कारचा 82 डिग्रीचा आणून बसवेल कारण इंजिन गरम चाललेलं चांगलं असं त्याला शिकवलंय, आणि गोड्या पाण्याच्या रेडिएटरला ते खरं पण आहे. तुमच्या इंजिनमध्ये समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरतं, म्हणून त्याचा थर्मोस्टॅट 42 डिग्रीलाच उघडायला लागतो. 60 च्या पुढं गेलं की क्षार ब्लॉकच्या आत थर धरायला लागतात. दुसरा टोकाचा मेस्त्री तो काढूनच टाकेल, मग इंजिन कायम गारठलेलं आणि अजून काजळी. गिअरबॉक्समध्ये तो सवयीनं 90 नंबरचं गिअर ऑइल ओतेल, तेही नको, ह्या गिअरबॉक्सला कोन क्लच (शंकूच्या आकाराचा, घासून पकडणारा) आहे, त्यात इंजिन ऑइलच घालायचं, नाहीतर गिअर घसरतो आणि तुम्ही म्हणणार आता गिअरबॉक्स पण गेला. ब्लॉकवर एक झिंकचा तुकडा स्क्रूनं बसवलेला असतो, तो खाऊन बुटका झालेला बघून मेस्त्री म्हणेल हे काय कामाचं, इथं बोल्ट मारू. तो कामाचा आहे, ब्लॉकच्या ऐवजी तो खाल्ला जावा म्हणूनच तिथं ठेवलाय. दरवर्षी बदला.

आतला थर काढायला महागडं केमिकल नको. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं तेच, कोमट पाण्यात विरघळवून, थर्मोस्टॅट आणि झिंक आधी काढून, छोट्या पंपानं बादलीतून ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकमधून परत बादलीत तासभर फिरवत ठेवायचं. फेस येईल, पाणी चहासारखं होईल. फेस थांबला की ते फेका, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, मग भरपूर गोडं पाणी. रात्रभर मुरत ठेवू नका, लोखंड पण खाईल. आणि संडासाचं ॲसिड कुणी सुचवलं तर त्याला तुमच्या बोटीच्या आसपास फिरकू देऊ नका.

पॅटर्नवाले साडू, आता तुमचं शेतीपंपाचं इंजिन. गंमत सांगतो, यान्मारची सुरुवात ओसाकामध्ये 1912 साली झाली, नाव झालं ते शेतीच्या इंजिनांवर, आणि 1933 मध्ये त्यांनी छोटं डिझेल इंजिन करून दाखवलं ते शेतकऱ्याला परवडावं म्हणूनच. ते नाव पण चतुर ह्या किड्याच्या जपानी नावावरून आलंय, जपानात चतुर म्हणजे चांगल्या पिकाची खूण. तेव्हा तुमचा विचार खुळा नाही, फक्त पाण्यात टिकणार नाही. तुमचं आत्ताचं इंजिन गिअरबॉक्ससकट 76 किलोचं आहे. पंपाचं ओतीव लोखंडी धूड त्याच्या कितीतरी पट, 26 फुटी बोटीचं नाक आभाळाकडं जाईल. त्याला रिव्हर्स नाही, आणि रिव्हर्स नसलेली बोट धक्क्याला लावायची म्हणजे ब्रेक नसलेली गाडी महाद्वार रोडच्या गर्दीत घालायची. पंख्याचा रेटा अंगावर घ्यायला गिअरबॉक्समध्ये जी बेअरिंग लागते ती नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा सायलेन्सर कोरडा, लालभडक तापणारा, तो फायबरच्या बंद केबिनमधून बाहेर काढायचा. आग तरी दिसते, कार्बन मोनॉक्साइड दिसत पण नाही आणि वास पण येत नाही. मोठ्या मच्छीमारी बोटींत ट्रकची इंजिनं चालतात हे मला माहिती आहे, पण त्याला वेगळा मरीन गिअरबॉक्स, वेगळं कूलिंग, सगळा बारदाना असतो. 60 हजारात तो होत नाही. विषय संपला.

बँकवाले साडू, ओव्हरहॉल कधी करायचा ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल काकांनी टाळलं. वरचं सगळं झाल्यावर, कॅनमधून डिझेल, नवा इंपेलर, साफ एल्बो, आणि तरी थंड इंजिन धरत नसेल तर कॉम्प्रेशन बघा. ह्या इंजिनला ग्लो प्लग (स्टार्टच्या आधी सिलेंडर तापवणारा) नाही, त्याची सगळी आग दाबातूनच येते, त्यामुळं कॉम्प्रेशन गेलं की ते सकाळी हटून बसतं. नोजल काढून तिथं गेज लावून रीडिंग घ्या, मग चमचाभर ऑइल आत सोडून परत घ्या, चमचाभरच, वाटीभर नाही. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. व्हॉल्व्ह असेल तर आधी टॅपेटची फट तपासा, थंड असताना 0.2 एमएम, ती मोजायचा फीलर गेज स्वस्तात मिळतो आणि टॅपेट घट्ट झाल्यामुळं "हेड गेलं" असं निदान झालेली इंजिनं मी बघितलीत. नोजल काढलेलंच आहे तर जाता जाता पंप-नोजलवाल्याकडं टेस्ट करून घ्या, 170 किलो दाबाला उघडलं पाहिजे आणि फवारा धुक्यासारखा, थेंब गळता कामा नये. परत बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा. रिंगाच बदलायच्या निघाल्या तर बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) 75 एमएम आहे, तो मापून, होन करून (आतून घासून), रिंगेची जाडी आणि गॅप जुळवून घ्यायचं काम उद्यमनगरात होईल. बेअरिंग आणि ऑइल सील नंबरावर मिळतात, त्याला बोटीचं पार्ट म्हणून विचारलंत की किंमत वेगळी आणि नंबर सांगितलात की वेगळी, हे बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला मी काय सांगायचं. फक्त हेड गॅस्केट आणि इंपेलर मात्र कंपनीचेच घ्या, तिथं कंजुषी नको.

पैशाचं म्हणाल तर 60 हजारातले निम्मे आत्ताच एका पाकिटात घालून बहिणींपैकी एकीकडं ठेवायला द्या, ते अचानक निघालेल्या भानगडीसाठी. उरलेल्यात ऑइल, फिल्टर, पडदा, इंपेलर, एल्बो, नव्या नळ्या आणि देवगडच्या फेऱ्यांचं डिझेल. माझा अंदाज आहे की पाकीट फुटणार नाही. नळ्यांचं विसरू नका, जुन्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून सोलवटून पाणी अडवतात. टाकीचा तळ पण एकदा उघडा, पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी घाम धरते, ते पाणी तळाला बसतं आणि त्यात काळा चिकट शेवाळासारखा गाळ तयार होतो. टाकी तशीच ठेवून फिल्टर बदलत राहिलात तर दर महिन्याला बदलाल.

आणि वेळेचं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत इंजिनाच्या बोटींची मासेमारी बंद असते, बहुतेक होड्या वर ओढल्या जातात, तुमची पण पावसाआधी वर घ्यावीच लागणार. तेव्हा मेमध्येच कॅन आणि बादलीच्या टेस्ट उरकून घ्या, इंजिन बाहेर काढायची गरज लागली तर बोट वर घेतानाच काढा, चेन पुली आणि चार माणसं बास. पावसाळ्यात कोल्हापुरात निवांत काम करा, नारळी पौर्णिमेनंतर परत बसवा. कोल्हापुरात चालवून बघताना अँगलच्या फ्रेमवर घट्ट बोल्ट करा आणि पाणी पिंपातून ओढू द्या, नळाचा पाइप थेट जोडू नका. नळाचं प्रेशर बंद इंजिनमधून पण पाणी पुढं रेटतं आणि ते एल्बो भरून सिलेंडरमध्ये उतरतं, मिरकरवाड्याची गोष्ट परत, ह्या वेळी गोड्या पाण्यात.

आणताना फोंडा घाटातून येणार, तेव्हा ऑइल पूर्ण काढून घ्या, हवेचं आणि धुराचं तोंड चिंधी घालून बांधा, आणि इंजिन पिकअपमध्ये जुन्या टायरवर उभंच ठेवून चारी बाजूंनी दोरानं आवळा. आडवं टाकलंत तर तळातलं उरलेलं ऑइल आणि ब्लॉकमधलं खारं पाणी सिलेंडरमध्ये जाऊन बसतं, आणि दाजीपूर-राधानगरी करत घरी पोचेपर्यंत, मग रविवार आहे म्हणून सोमवारपर्यंत, ते तिथंच बसून रिंगा पकडतं. निघायच्या आधी नोजलच्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडून क्रँकच्या नटावर पाना लावून हातानं चार फेऱ्या फिरवा, आणि कोल्हापूरला पोचल्यावर, हातपाय धुवायच्या आधी, परत चार.